घण माणसे मोजत नाही

एखादा प्रश्न निकडीचा झाला की तो ‘ऐरणीवर आला’ असे आपण म्हणतो. लोहारशाळेतून उचललेला हा वाक्प्रचार वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत इतका रुळला आहे की, खरी ऐरण कशी असते, तिच्यावर काय कोसळते आणि तिच्यापाशी कोण उभे असते, याचा आपल्याला विसर पडावा. मुंबईच्या उपनगरांत, अंधेरी-साकीनाक्यापासून भांडुप-मुलुंडपर्यंत, धातूचे सुटे भाग घडविणारी छोटी-मोठी कारखानदारी गेली कित्येक दशके नांदत आली आहे. तिथला घण उचलायला आता बलदंड लोहार लागत नाही. वाफ, दाबलेली हवा किंवा विजेची मोटार तो उचलते. तो पडतो मात्र पूर्वीपेक्षा शतपट जोराने. त्याखाली तापलेल्या लोखंडाबरोबर अधूनमधून माणसाचा हातही सापडतो. आणि तो प्रश्न मात्र कोणत्याच ऐरणीवर येत नाही.

शिक्षक, कारकून, विद्यार्थी अशा पांढरपेशा वाचकाला हा विषय आपला वाटणार नाही, हे उघड आहे. तथापि ज्या लोकलने तो सकाळी कामावर जातो तिच्या चाकांचा आस, ज्या बसने तो स्टेशन गाठतो तिचा क्रँकशाफ्ट, सायकल दुरुस्त करायचा पाना, या साऱ्या वस्तू घडाईच्याच आहेत. कचेरीतल्या पोलादी कपाटाची बिजागरी आणि शाळेतल्या बाकाची पट्टी या पत्रा कापून-दाबून, म्हणजे पॉवर प्रेसवर, तयार झालेल्या असतात. ओतीव लोखंडापेक्षा घडीव लोखंड चिवट असते. म्हणून जिथे तुटून चालणार नाही तिथे घडीव भाग लावतात. प्रवाशाच्या सुरक्षिततेसाठी एवढी काटेकोर असलेली ही विद्या, तो भाग घडविणाऱ्याच्या सुरक्षिततेबाबत इतकी ढिसाळ का असावी, हा या लेखाचा प्रश्न आहे.

उपनगरांची घडण

आज ज्याला लाल बहादूर शास्त्री मार्ग म्हणतात, त्या जुन्या आग्रा रोडच्या दुतर्फा कुर्ल्यापासून मुलुंडपर्यंत अभियांत्रिकी कारखान्यांची रांग उभी राहिली. १ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. ठाण्याची वागळे इस्टेट आणि अंधेरी पूर्वेचे मरोळ ही नावे त्यानंतर कामगारांच्या तोंडी बसली. कोकणातून, घाटावरून आणि पुढे उत्तरेतून आलेल्या माणसांनी या भट्ट्यांपुढे उभे राहून संसार उभे केले. मोठ्या कारखान्यांत संघटना होत्या, सुरक्षा अधिकारी होते, यंत्रांना जाळ्या होत्या. अपघात तिथेही होत. पण अपघात झाला की निदान त्याची नोंद होई आणि जाब विचारणारा कोणी असे.

पुढे हे चित्र पालटले. जमिनीचे भाव चढले, मोठे कारखाने बंद पडले वा दूर गेले, आणि त्यांच्या जागी मॉल आणि मनोरे आले. पण सुटे भाग लागायचे थांबले नाहीत. जे काम एका छपराखाली होई ते ठेक्याने, उपठेक्याने, लहान गाळ्यांत विखुरले. काही वसई-भिवंडीच्या बाजूला सरकले, काही साकीनाका-भांडुपच्या गल्ल्यांत राहिले. यंत्रे गाळ्यांत गेली, माणसेही गेली. संघटना, सुरक्षा अधिकारी आणि जाळी मात्र मागेच राहिली. दसऱ्याला या गाळ्यांतील प्रत्येक यंत्राला हळदकुंकू वाहतात, झेंडूची माळ घालतात. ती श्रद्धा खोटी नाही. परंतु ज्या यंत्राला वर्षातून एकदा माळ मिळते, त्याला वर्षभर एक लोखंडी जाळी मिळू नये, ही विसंगती डोळ्यांत भरल्यावाचून राहत नाही.

अंडे आणि हात

यांत्रिक घणाचा जनक म्हणून जेम्स नॅस्मिथ या इंग्लंडमधील अभियंत्याचे नाव घेतात. ‘ग्रेट ब्रिटन’ या जहाजाचा अजस्र आस घडायला पुरेसा मोठा घण कोठेच नव्हता. तेव्हा २४ नोव्हेंबर १८३९ रोजी त्याने आपल्या वहीत वाफेच्या घणाचे रेखाटन केले, आणि १८४२ साली त्याचे पेटंट घेतले. या घणाची किमया दाखविण्यासाठी एक प्रयोग करीत. मद्याच्या पेल्यात अंडे ठेवायचे आणि टनावारी वजनाचा घण असा अलगद उतरवायचा की अंड्याचे कवच फुटावे, पण पेला शाबूत राहावा.

हा प्रयोग म्हणजे निव्वळ जादूगिरी नव्हे. यांत्रिक घण हा आंधळा राक्षस नाही, त्याला अखेरच्या सुतापर्यंत आवरता येते, हे त्यातून सिद्ध झाले. पेला वाचविण्याचे कसब जर पावणेदोनशे वर्षांपूर्वी साधले होते, तर आज हात वाचविणे अशक्य आहे असे कोणी म्हणू शकत नाही. राहिला प्रश्न तो इच्छेचा आणि खर्चाचा. आणि खर्चही किती, हे पुढे पाहू.

अपघात कसे होतात

घणापाशी होणारे अपघात आकस्मिक वाटतात. पण त्यांच्या तऱ्हा ठरलेल्या आहेत, आणि प्रत्येकीवरचा उपायही ठरलेला आहे. पहिली तऱ्हा साचा बदलतानाची. घणाचा वरचा भाग उचलून धरलेला असतो आणि कामगार खाली हात घालून साचा काढीत असतो. हवेचा वा वाफेचा दाब गळतो, झडप सैल होते, आणि वर थांबलेले वजन खाली येते. यावर उपाय एकच: वजन पेलेल असा भक्कम टेकू घणाखाली बसविल्याशिवाय आणि शक्तीचा पुरवठा बंद करून त्याला कुलूप लावल्याशिवाय कोणीही खाली हात घालायचा नाही. टेकू म्हणजे काही परदेशी यंत्र नव्हे. तो नीट मोजून केलेला एक खांब आहे.

दुसरी तऱ्हा पेडलची. घण चालविणाऱ्याच्या पायाशी जे पेडल असते त्यावर सांडशी पडते, एखादा तुकडा घरंगळतो, मदतनिसाचा पाय पडतो, आणि घण नको त्या क्षणी कोसळतो. पेडलवर एक पत्र्याची कमान बसविली की हा धोका जवळजवळ संपतो. तिसरी तऱ्हा सांडशीची. तापलेला तुकडा साच्यात नीट न बसता घण पडला तर सांडशीचे दांडे वीजवेगाने मागे फेकले जातात. ती पोटासमोर धरणाऱ्याच्या आतड्यांना इजा होते. अंगाच्या बाजूला धरणारा वाचतो. तुकड्याच्या आकाराला जुळणारी सांडशी आणि ती धरण्याची शिस्त, एवढाच इथे जीवन-मरणाचा फरक असतो.

चौथी तऱ्हा उडणाऱ्या वस्तूंची. सुमारे १,२०० अंश सेल्सियसपर्यंत तापविलेल्या पोलादावर पोपडे धरतात आणि घाव बसताच ते चहूकडे उडतात. साच्यात तेल साचून राहिले आणि त्यावर तापलेला तुकडा ठेवून घाव घातला, तर कोंडलेल्या तेलाची वाफ स्फोटासारखी बाहेर पडते. साचा आधी गरम केला नसेल तर तो तडकतो. साचा घट्ट करणाऱ्या पाचरीवर कडक पोलादी हातोड्याने घाव घातला तर तिची कपची गोळीसारखी सुटते. घणामागे पडदा, डोळ्यांना चष्मा, तेल लावायला लांब दांड्याचा बोळा, आणि घण सुरू करण्यापूर्वी साच्याला व पाचरीला तडा गेला आहे का याची तपासणी, हे त्यावरील उपाय होत.

पॉवर प्रेसची कथा याहून साधी आणि म्हणूनच अधिक क्रूर आहे. जुन्या धाटणीच्या प्रेसमध्ये एकदा क्लच पकडला की ठोका पुरा झाल्याशिवाय तो थांबत नाही. क्लचची किल्ली झिजली वा स्प्रिंग थकली तर पाय काढून घेतल्यावरही दुसरा ठोका आपोआप पडतो. आणि नेमक्या त्याच वेळी कामगार तयार तुकडा काढण्यासाठी हात आत घालतो. साच्याभोवती बोट शिरणार नाही असे कायमचे कुंपण, दोन्ही हातांनी एकाच वेळी दोन बटणे दाबल्याशिवाय ठोका पडू न देणारी रचना, तुकडा ठेवण्या-काढण्यासाठी चिमटा किंवा चुंबक, आणि क्लचची वेळोवेळी तपासणी: या साध्या गोष्टींनी बोटे वाचतात. यांत नवा शोध कोणताच नाही. मुंबईतच, शीवला, केंद्रीय श्रम संस्था आहे. तिथे हे ज्ञान उपलब्ध आहे. ४ मार्चला दरवर्षी राष्ट्रीय सुरक्षा दिनही साजरा होतो. ज्ञानाचा तुटवडा नाही. ते शीवहून साकीनाक्याला पोहोचत नाही, एवढेच.

पाचवी इजा रक्त न सांडता होते. ९० डेसिबलचा आवाज रोज ८ तासांपर्यंत, ९५ असेल तर ४ तास, १०० असेल तर २ तास, १०५ असेल तर १ तास, अशी कानाच्या सोसण्याची मर्यादा आपल्याकडील नियमांनी मानली आहे. घणाजवळचा आवाज १०० डेसिबलच्या पुढे सहज जातो. म्हणजे कानांना संरक्षण नसेल तर कामगाराची दिवसाची मर्यादा जेवणाच्या सुटीपूर्वीच संपते. बहिरेपण हळूहळू येते, दुखत नाही. घरी रेडिओ मोठ्याने लावला जातो, बायकोला तेच वाक्य दोनदा बोलावे लागते, आणि माणसे त्याला वयाचा दोष म्हणतात. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या परिशिष्टात आवाजामुळे येणारे बहिरेपण हा कळविणे बंधनकारक असलेला व्यवसायजन्य रोग म्हणून नोंदलेला होता. ज्या गाळ्यात कामगाराचे कान कोणी कधी तपासतच नाही, तिथून तो कळवायचा कोणी? सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यातील दिवसाच्या कामाची मर्यादा ९ वरून १२ तासांवर नेण्याची दुरुस्ती मान्य केली. आठवड्याचे तास तेच राहतील, असे तिचे समर्थन केले जाते. पण कान आठवड्याचा हिशेब ठेवीत नाही. आणि दहाव्या-अकराव्या तासाला थकलेला हात घणाखाली अधिक सावध राहील, असे कोणी छातीठोकपणे सांगेल काय?

‘निष्काळजीपणा’ नावाचा पडदा

अपघात झाला की कारखान्यातून पहिला शब्द ऐकू येतो तो ‘निष्काळजीपणा’. कामगाराचे लक्ष नव्हते, त्याने जाळी काढली, तो नवखा होता. यात तथ्य नसते असे नाही. जाळ्या काढल्या जातात आणि त्या कामगारच काढतात. पण का काढतात? मोबदला नगावर मिळत असेल आणि जाळीमुळे तासाला नग कमी निघत असतील, तर जाळी काढणारा हात कामगाराचा असला तरी ती काढविणारा दर मालकाने ठरविलेला असतो. मिनिटाला १५ ठोके धरले तर ८ तासांत ७,२०० ठोके होतात. इतक्या वेळा हात आत घालून बाहेर काढताना एकदाही लक्ष ढळू नये, अशी अपेक्षा आपण माणसाकडून करतो. आणि यंत्राने एकदा थांबावे, अशी यंत्राकडून मात्र करीत नाही! परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासणाऱ्या शिक्षकाची बेरीज चुकते, खतावणी लिहिणाऱ्या कारकुनाचा आकडा चुकतो. त्यांच्या चुकीवर लाल शाईने दुरुस्ती होते. प्रेसवरच्या चुकीवर दुरुस्ती नाही.

कायद्याचे जुने शहाणपण याहून वेगळे होते. १९४८ च्या कायद्याच्या २१ व्या कलमाने धोकादायक यंत्राला भक्कम कुंपण हवे आणि यंत्र चालू असेपर्यंत ते जागेवर हवे, अशी सक्ती केली होती. इंग्लंडमध्ये अशाच कलमावर १९५५ साली वाद गाजला. सहाणेच्या चाकावर एका कामगाराचा अंगठा जखमी झाला. चाकाला पूर्ण कुंपण घातले तर ते चाक वापरताच येणार नाही, असा बचाव कंपनीने केला. हाउस ऑफ लॉर्ड्सने तो फेटाळला: कुंपण घालण्याचे कर्तव्य निरपवाद आहे, यंत्र गैरसोयीचे झाले तरी ते टळत नाही. या निकालामागचा विचार असा की, माणूस चुकणार हे गृहीत धरूनच यंत्र बांधले पाहिजे. चुकणार नाही अशा माणसासाठी कुंपणाची गरजच काय?

उलट भरपाईच्या कायद्यातील तरतूद पाहा. १९२३ च्या कायद्यानुसार, मृत्यू वा कायमचे संपूर्ण अपंगत्व आले नसेल आणि कामगाराने सुरक्षेचे साधन हेतुपुरस्सर काढले असे ठरले, तर मालक भरपाईच्या दायित्वातून सुटत असे. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हा अपवाद कायम आहे. बोट गेलेला, नगावर काम करणारा, मालकाच्याच खोलीत राहणारा मुलगा ‘जाळी मी आपण होऊन काढली नव्हती’ हे कशाच्या बळावर सिद्ध करणार?

शंभरावरून दहावर, आणि पुन्हा विसावर

हिंदुस्थानातील पहिला कारखाने कायदा १८८१ चा. तो १०० किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यांना लागू होता. १८९१ साली ही संख्या ५० वर आली, १९२२ साली २० वर, आणि स्वातंत्र्यानंतर १९४८ साली, विजेचा वापर असेल तर, १० वर. सदुसष्ट वर्षांचा हा प्रवास एका दिशेने झाला. लहान कारखान्यातला धोका लहान नसतो, हे प्रत्येक पिढीला थोडे अधिक कळत गेले. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने ‘कारखाना’ या शब्दाची व्याख्या पुन्हा २० कामगारांवर नेली. विजेचा वापर नसेल तर ४० वर. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. म्हणजे मोजणीचा काटा १९२२ वर परत गेला.

न्याय्य बोलायचे तर या संहितेत काही चांगलेही आहे. प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र देण्याची सक्ती तिने केली. कर्तव्यात कसूर होऊन मृत्यू घडला तर ५ लाखांहून कमी नाही इतका दंड, दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, आणि दंडातील निदान निम्मी रक्कम पीडिताच्या वारसांना देण्याचा अधिकार न्यायालयाला, ही तरतूद पूर्वीपेक्षा जरबेची आहे. १० ते १९ कामगारांच्या गाळ्याला ‘आस्थापना’ म्हणून सर्वसाधारण कर्तव्ये लागू राहतात, हेही खरे. परंतु ‘कारखाना’ म्हणून येणारी खास बंधने त्याच्यापुरती गळाली. आणि कुंपणाची जी सक्ती १९४८ साली संसदेने कायद्यातच शब्दांकित केली होती, ती आता सरकारच्या नियमांवर आणि मानकांवर सोपविली गेली. नऊ माणसांच्या गाळ्याला तर दोन्हीकडून वाऱ्यावर सोडले.

मुळात प्रश्न असा आहे की, सुरक्षितता माणसे मोजून का द्यावी? एक टनाचा घण शंभर माणसांच्या कारखान्यात ज्या जोराने पडतो, त्याच जोराने सहा माणसांच्या गाळ्यात पडतो. घण माणसे मोजत नाही. कॅन्टीन, पाळणाघर, कल्याण अधिकारी या सोयी संख्येवर ठरविणे समजू शकते. घणाखालचा टेकू संख्येवर ठरविणे समजू शकत नाही. पोहणाऱ्यांची संख्या वीस झाल्यावरच विहिरीला कठडा बांधू, असे कोणी म्हणाले तर आपण त्याला हसू.

बोटांचे कोष्टक

भरपाईच्या कायद्याला एक कोष्टक जोडलेले आहे. त्यात माणसाच्या हाताची वाटणी टक्क्यांत केली आहे. अंगठा गेला तर कमाईची ताकद ३० टक्के घटली असे मानायचे. तर्जनी पूर्ण गेली तर १४, मधले बोट १२, अनामिका किंवा करंगळी ७, एका हाताची चारही बोटे गेली तर ५० टक्के. राज्य कामगार विमा योजनेतही हाच हिशेब चालतो. महिना १५,००० रुपये पगार धरला, तर त्याच्या ९० टक्क्यांच्या १४ टक्के, म्हणजे १,८९० रुपये, हे तर्जनीचे मासिक मोल. हे कोष्टक नसते तर कामगाराला तेवढेही मिळाले नसते, म्हणून त्याची थट्टा करण्याचे कारण नाही. पण ज्याचा उजवा हातच त्याचे भांडवल आहे, त्याला तर्जनी गेल्यावर पुन्हा प्रेसवर कोण उभे करतो? कायद्याच्या लेखी त्याची ८६ टक्के ताकद शिल्लक असते. गाळ्याच्या लेखी तो बाद झालेला असतो.

हे कोष्टक तरी किती जणांच्या वाट्याला येते? विमा योजना १० कामगारांच्या वर आणि ठरावीक पगारमर्यादेच्या आत लागू होते. कामावर झालेल्या इजेला पहिल्या दिवसापासून संरक्षण आहे. पण नाव नोंदले गेले असेल तर. हरियाणातील गुरगाव-मानेसर-फरीदाबाद पट्ट्यात ‘सेफ इन इंडिया’ ही संस्था मोटारींचे सुटे भाग बनविणाऱ्या कारखान्यांतील जखमी कामगारांचे अहवाल २०१९ पासून प्रसिद्ध करीत आहे. बोटे गमावणाऱ्यांत पॉवर प्रेसवरचे कामगार सर्वाधिक आणि अनेकांचे विमा कार्ड अपघातानंतर निघालेले, ही त्या अहवालांतील निरीक्षणे आहेत. आपल्या उपनगरांसाठी असा अहवाल दरवर्षी निघायला नको काय? मरोळ-अंधेरीच्या कामगारांसाठी असलेल्या विमा रुग्णालयाला १७ डिसेंबर २०१८ रोजी आग लागून रुग्णांचे बळी गेले आणि पुढे ते दीर्घकाळ बंद राहिले. जखमी हात घेऊन कामगाराने कोठे धाव घ्यावी, हाही सुरक्षिततेचाच भाग असतो.

इथे एका नावाचे स्मरण अप्रस्तुत ठरू नये. सप्टेंबर १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज फॅक्टरी कमिशनसाठी तयार केला. रविवारच्या सुटीची त्यातील मागणी सर्वांना आठवते, कारण ती सुटी आपण सारेच उपभोगतो. त्याच अर्जातील दुसरी मागणी आपण विसरलो: कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार द्यावा आणि जन्माचा अपंग झाला तर त्याच्या निर्वाहाची योग्य तजवीज करावी. रविवार सहा वर्षांत मिळाला. उरलेली मागणी सव्वाशेहून अधिक वर्षांनंतरही, गाळ्यातल्या कामगाराच्या बाबतीत, अर्धवटच आहे.

गाळामालकाची अडचण

लहान गाळामालकाची बाजूही ऐकली पाहिजे. तो काही कुबेर नसतो. पुष्कळदा तो स्वतःच पूर्वीचा कामगार असतो, यंत्र कर्जाचे, जागा भाड्याची, आणि वरच्या कंपनीने नगाचा दर असा पिळलेला की दोन पैसे सुटण्याची मारामार. ‘जाळ्या, बटणे, टेकू, सारे करीन, पण मग माझा भाव शेजारच्याहून चढेल आणि काम त्याला जाईल,’ हा त्याचा युक्तिवाद खोटा नाही. पण याच युक्तिवादातून दोन निष्कर्ष निघतात. पहिला असा की, बंधन सर्वांना सारखे असले तरच प्रामाणिक मालक टिकेल. वीस माणसांच्या आतल्यांना सूट देणे म्हणजे माणसे एकोणीसवर थांबवून बाकीची ठेकेदाराच्या वहीत दाखविण्याचे बक्षीस देणे होय. दुसरा असा की, जी मोठी कंपनी सुट्या भागाचे माप मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत तपासून घेते आणि त्यासाठी आपला माणूस गाळ्यात पाठविते, तिने त्याच माणसाला प्रेसची जाळीही तपासायला सांगावी. मालाच्या दर्जाची जबाबदारी साखळीच्या शेवटच्या कडीपर्यंत पोहोचते, तर माणसाच्या हाताची मध्येच का तुटावी?

करावयाचे काय

मागण्या फार नाहीत. संहितेतच अशी वाट आहे की, सरकारने धोकादायक वा जीवघेणे म्हणून अधिसूचित केलेल्या कामांना कामगारांच्या संख्येची अट लागत नाही. यांत्रिक घण आणि पॉवर प्रेस यांवरील काम या सदरात घालावे. मग गाळ्यात दोन माणसे असोत की दोनशे. प्रत्येक घणाची आणि प्रेसची, परवान्याच्या मोटारीसारखी, यंत्रागणिक नोंद असावी आणि सक्षम व्यक्तीकडून ठरावीक मुदतीने तपासणी व्हावी. संहितेने निरीक्षकाला सल्लागाराचीही भूमिका दिली आहे. ती खरी करायची असेल तर राज्याच्या औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला पुरेशी माणसे द्यावीत. श्रम तपासणीविषयीचा आंतरराष्ट्रीय करार भारताने १९४९ सालीच मान्य केला आहे. आवश्यक तितक्या वेळा आणि आवश्यक तितक्या बारकाईने तपासणी करण्याचे ते वचन आहे. जाळी, दोन बटणे, टेकू यांसाठी लहान गाळ्यांना अल्प व्याजाचे कर्ज किंवा अनुदान मिळावे. आणि त्याबरोबर नगावरचा दर ठरविताना जाळीसह निघणारे नग हेच प्रमाण धरले जावे.

शिक्षक आणि विद्यार्थी यांचाही इथे वाटा आहे. मुलुंड, अंधेरी, बोरिवली येथील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून दरवर्षी मुले बाहेर पडतात. जाळी नसलेल्या यंत्रावर काम नाकारण्याचे धैर्य हा अभ्यासक्रमातला धडा असला पाहिजे, आणि नाकारणाऱ्या मुलामागे त्याच्या संस्थेने उभे राहिले पाहिजे. पवईपासून माटुंग्यापर्यंत मुंबईत अभियंते घडविणारी नामांकित विद्यालये आहेत. त्यांच्या विद्यार्थ्यांनी शेवटच्या वर्षाचा एखादा प्रकल्प साकीनाक्याच्या जुन्या प्रेसला स्वस्तात सुरक्षित कसे करावे, यावर केला तर ती विद्या कुणाच्या तरी बोटांच्या रूपाने दिसेल. आणि कारकून? अपघाताचा फॉर्म, विम्याचा अर्ज, नेमणूकपत्र, या सगळ्यांवर कोणाच्या तरी टेबलावरचा शिक्का लागतो. तो वेळेवर लागणे हेही कामगाराचे संरक्षणच आहे.

यंत्रयुगाची फळे आपण सर्वांनी वाटून घेतली. त्याची किंमत मात्र ठरावीक हातांनी चुकविली. उद्योग वाढावा, रोजगार वाढावा, यात दुमत नाही. पण ज्या प्रगतीचा हिशेब गेलेल्या बोटांच्या टक्क्यांत मांडावा लागतो, ती कोठेतरी कच्ची राहिली आहे. घणाखाली तापलेले लोखंडच असावे, दुसरे काहीही नसावे, एवढी साधी व्यवस्था आपल्याला करता आली पाहिजे. त्यासाठी गाळ्यातली माणसे मोजत बसण्याचे कारण नाही.